ताणलेली कातडी, सोललेली कातडी: चेहऱ्याच्या एकत्रित उपचारांची पार्श्वभूमी

आरशासमोर उभं राहून कानाजवळची कातडी दोन बोटांनी मागे ओढून पाहिली नाही, असा पन्नाशीतला माणूस विरळाच. ओढली की जबड्याची रेघ नीट दिसू लागते, गालाखाली लोंबणारा भाग वर जातो. तशीच धरून वरच्या ओठाकडे पाहा. ओठावरच्या बारीक उभ्या रेषा जिथल्या तिथे असतात. गालावरचा वांग तसाच, डोळ्यांखालची चुरगळलेली कातडी तशीच. शिंप्याने कितीही सफाईने आखूड केलं, तरी विरलेलं कापड नवं होत नाही.

चेहऱ्याचं म्हातारपण म्हणजे निदान दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे सैल पडणं, आणि दुसरी म्हणजे कातडीचा पोत बिघडणं. पहिलीवर सुरी चालते. दुसरीवर औषध, आम्ल किंवा लेसर. तरीही ‘फेसलिफ्ट (सुरीने कातडी वर उचलणं) करू की लेसर?’ हा प्रश्न अजून असा विचारला जातो, जणू एक घेतलं की दुसरं नको. हे दोन उपचार वेगवेगळ्या माणसांच्या हातात वाढले, बराच काळ एकमेकांकडे संशयाने पाहत राहिले, आणि एकत्र आले तेव्हा सुरुवातीला त्यांनी काही चेहऱ्यांचं नुकसानही केलं.

सुरीचा इतिहास साधारण १९०१ पासून सांगतात. बर्लिनमधले शल्यविशारद ऑयगेन होलेंडर यांच्याकडे पोलंडमधली एक उमराव घराण्यातली स्त्री आली आणि गाल व ओठांचे कोपरे वर उचलून द्या म्हणाली. त्यांनी केसांच्या कडेने आणि कानाजवळ कातडीच्या चिंचोळ्या पट्ट्या कापून कडा शिवल्या. हे त्यांनी जाहीरपणे लिहिलं ते मात्र १९३२ मध्ये. सौंदर्यासाठी सुरी हातात घेणं तेव्हा वैद्यकात प्रतिष्ठेचं नव्हतं, त्यामुळे कोणी काय केलं हे फारसं कोणी सांगत नसे.

ज्यांनी उघडपणे सांगितलं त्यांत सर्वांत धीट होत्या पॅरिसच्या डॉ. सुझान नोएल. पहिल्या महायुद्धात चेहरे उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांवरच्या शस्त्रक्रियांमध्ये त्यांचा हात तयार झाला होता. १९२६ मध्ये त्यांनी सौंदर्यशस्त्रक्रियेवर पुस्तक लिहिलं आणि त्याच्या नावातच या शस्त्रक्रियेच्या ‘सामाजिक कार्याचा’ उल्लेख केला. वय दिसू लागलं म्हणून नोकरी जाणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या होत्या. त्या आपल्या राहत्या घरीच शस्त्रक्रिया करत. भूल फक्त तेवढ्या जागेपुरती, केसांच्या आड छोट्या छोट्या चकत्या काढायच्या, टाके केसांत लपवायचे, आणि बाई त्याच दिवशी आपल्या पायांनी घरी जायची. स्त्रियांच्या हक्कांसाठी हिरिरीने झटणाऱ्या या डॉक्टरीणबाईंचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं.

पण नोएलबाईंच्या पद्धतीत एक मर्यादा होतीच. ताण सगळा कातडीवर. कातडी लवचिक असते, ती पुन्हा सैल पडते. आणि पोत तर बदलतच नाही.

पोताचं काम दुसरीकडे चाललं होतं. हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्सन उन्ना यांनी १८८२ मध्येच सॅलिसिलिक ॲसिड, रिसॉर्सिनॉल, ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड आणि फिनॉल कातडीवर काय करतात ते नोंदवून ठेवलं होतं. फिनॉल म्हणजे कार्बोलिक ॲसिड. हे कातडीला लावलं की वरचा थर पांढरा पडतो, मरतो, खपली धरतो, आणि खालून नवी कातडी येते. डॉक्टरांनी त्याचा वापर व्रणांपुरता ठेवला. सुरकुत्यांसाठी तो उचलला तो अमेरिकेतल्या हॉलिवूड आणि फ्लोरिडामधल्या, वैद्यकाची पदवी नसलेल्या ‘पीलर’ म्हणजे कातडी सोलणाऱ्या मंडळींनी. त्यांच्या कृती गुप्त असत आणि घराण्यातून पुढच्या पिढीकडे जात. डॉक्टर त्यांना भोंदू म्हणत. पण त्यांच्याकडून आलेल्या बायकांचे चेहरे पाहिल्यावर नाकारायला जागा राहिली नाही.

मायामीचे थॉमस बेकर आणि हॉवर्ड गॉर्डन या दोन प्लास्टिक सर्जननी १९६१-६२ च्या सुमारास अशा कृतींवरून आपलं मिश्रण तयार करून छापलं. ८८ टक्के फिनॉल ३ मिलिलिटर, पाणी २ मिलिलिटर, द्रव साबणाचे ८ थेंब आणि क्रोटन तेलाचे ३ थेंब. मिश्रण लावल्यावर चेहऱ्यावर चिकटपट्ट्यांचा मुखवटा घट्ट बसवायचा, तो दोन दिवसांनी काढायचा. पापण्या सुजून मिटलेल्या, चेहरा ओला आणि लालभडक. आठवड्या-दीड आठवड्याने त्याखालून जी कातडी यायची, तिच्यावर ओठाच्या रेषा उरलेल्या नसायच्या.

हे क्रोटन तेल म्हणजे आपल्या जमालगोट्याचं तेल. आपल्या वैद्यांनी ज्याचं बी शुद्ध केल्याशिवाय कधी दिलं नाही, तेच हे जहाल रेचक. जवळपास चाळीस वर्षं सगळे धरून चालले होते की खरं काम फिनॉल करतं आणि तेल नावापुरतं आहे. २००० साली लास व्हेगासचे डॉ. ग्रेगरी हेटर यांनी लेखमाला लिहून दाखवलं की पील, म्हणजे हे सोलणं, किती खोल जाणार हे मुख्यतः त्या थेंबांवर ठरतं. तेलाचं प्रमाण कमी केलं की तोच उपचार सौम्य करता येतो. दुसरीकडे फिनॉल कातडीतून रक्तात उतरून हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, म्हणून पूर्ण चेहऱ्याचा पील एका दमात न करता भागाभागाने, मध्ये वेळ सोडून आणि ईसीजी लावून करतात. घरी करून पाहण्याची ही गोष्ट नव्हे.

आता एकाच सर्जनच्या हातात दोन्ही साधनं आली. मग भूल एकदाच देऊन दोन्ही कामं का उरकू नयेत?

उत्तर रक्तपुरवठ्यात आहे, आणि त्यासाठी पुण्याला यावं लागतं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र छापून आलं. कावसजी नावाचा इंग्रजी फौजेतला बैल हाकणारा १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला होता आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला होता. वर्षभराने पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या जातीच्या माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. मेणाचा पातळ पत्रा थोट्या नाकावर बसवून त्याचा आकार घ्यायचा, तो कपाळावर पसरून ठेवायचा, तेवढी कातडी सोडवायची, पण दोन भुवयांच्या मध्ये एक लहानशी पट्टी जोडलेलीच ठेवायची. मग कातडी वळवून नाकावर बसवायची आणि पाण्यात मऊ केलेल्या काताचं लेपन कापडाच्या पट्ट्यांनी लावायचं. पट्टी कापायची ती साधारण पंचविसाव्या दिवशी. तिच्यामुळे रक्त फिरत राहतं, हे पत्रात स्पष्ट लिहिलं आहे. युरोपातल्या सर्जननी हे वाचलं आणि लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तसंच करून पाहिलं. उचललेली कातडी जगते ती जोडलेल्या बाजूने येणाऱ्या रक्तावर, हा धडा पुण्याच्या त्या कारागिराला चांगला ठाऊक होता.

फेसलिफ्टमध्ये हेच घडतं. कानापुढून आणि कानामागून चीर घेऊन कातडी खालच्या भागापासून सोडवली की तिला रक्त फक्त चेहऱ्याच्या मधल्या बाजूने, कातडीखालच्या बारीक वाहिन्यांच्या जाळ्यातून येतं. कानामागची कड त्या वाटेच्या शेवटाला असते आणि ताणही तिथेच जास्त. त्याच कातडीवर त्याच दिवशी वरून फिनॉल लावलं, म्हणजे खालून पुरवठा तोडलेला आणि वरून भाजलेली. अशी कातडी काळी पडून मरू शकते. म्हणून नियम ठरला: सोडवलेल्या कातडीवर पील नाही, मध्ये काही महिने जाऊ द्यायचे. फक्त ओठांभोवती चालेल, कारण तिथली कातडी फेसलिफ्टमध्ये उचललेली नसते. या क्षेत्रातली खरी प्रगती या एका नियमाभोवती फिरते असं मला वाटतं. तंबाखूचा प्रश्नही याच धाग्यातला. १९८४ मध्ये न्यूयॉर्कचे थॉमस रीस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की धूम्रपान करणाऱ्यांत फेसलिफ्टनंतर कातडी मरण्याचा धोका सुमारे १२ पट असतो. निकोटिनने बारीक वाहिन्या आवळल्या जातात.

नियम सैल होण्याची वाट उघडली ती शरीररचनेच्या अभ्यासाने. स्वीडनचे टोर्ड स्कूग यांनी १९७४ मध्ये कातडीखालचा स्नायू-तंतूंचा पडदाही कातडीसोबत उचलण्याची पद्धत मांडली. १९७६ मध्ये फ्रान्सचे मित्झ आणि पेरोनी यांनी त्या पडद्याचं नीट वर्णन केलं. त्याला पुढे ‘स्मास’ हेच नाव रूढ झालं. ताण आता कातडीवर न देता या पडद्यावर देता येऊ लागला. १९९० मध्ये डॅलसचे सॅम हॅम्रा यांनी त्याहून खोलवर जाऊन कातडी, चरबी आणि पडदा एकत्र उचलणारी ‘डीप प्लेन’ पद्धत मांडली. उचललेला भाग जाड, म्हणून रक्त भरपूर, म्हणून वरून थोडं भाजणं तो सोसतो.

आणि नेमकं त्याच दशकात भाजण्याचं नवं साधन आलं. कार्बन डायऑक्साइड लेसर मुळात शोधला होता तो कुमार पटेल यांनी, १९६४ मध्ये, अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये. जन्म बारामतीचा, १९३८ चा, आणि पदवी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची. या लेसरची १०.६ मायक्रॉन लांबीची लहर पाणी चटकन शोषतं, आणि कातडीत बहुतांश पाणीच असतं. त्यामुळे अगदी पातळ थर वाफ होऊन उडतो. सुरुवातीला किरण जास्त वेळ पडून राहत आणि आजूबाजूचा भाग भाजत. नव्वदीत अगदी छोट्या धक्क्यांचा लेसर आला आणि पूर्ण चेहरा सोलणं आटोक्यात आलं. उचललेल्या कातडीचा जाड थर आणि मोजून भाजणारा लेसर मिळाल्यावर काही सर्जननी दोन्ही एकाच बैठकीत केलं आणि निकाल छापले: चेहऱ्याच्या मधोमध लेसर पूर्ण ताकदीने, कानाकडे जाताना हलक्या हाताने.

२००४ मध्ये डिटर मॅनस्टीन आणि रॉक्स अँडरसन यांनी लेसर सलग न फिरवता सुईच्या टोकाएवढे ठिपके पाडून मधली कातडी शाबूत ठेवायची कल्पना मांडली. तिला फ्रॅक्शनल म्हणतात. शाबूत भागातून जखम लवकर भरते.

यात आपल्या कातडीचा विचार वेगळा करावाच लागतो. फिनॉल कातडीचा रंग कायमचा फिका करतो. गोऱ्या चेहऱ्यावर ते खपून जातं, गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्यावर मानेपाशी रेघ उठते. उलट लेसरनंतर आपल्याकडे कातडी काळवंडण्याची भीती जास्त. हार्वर्डचे टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये सुचवलेल्या आणि पुढे वाढवलेल्या, कातडी उन्हात किती भाजते-काळवंडते यावरच्या वर्गवारीत बहुतेक भारतीय चौथ्या-पाचव्या प्रकारात बसतात. म्हणून इथले डॉक्टर आधी काही आठवडे सनस्क्रीन आणि ट्रेटिनॉइनसारखं मलम देऊन कातडी तयार करतात, लेसर कमी ताकदीचा ठेवतात आणि एकाऐवजी चार बैठका घेतात. परदेशातली ‘एका दिवसात सगळं’ ही जाहिरात आपल्या चेहऱ्याला जशीच्या तशी लागू करणं मला धोक्याचं वाटतं.

तिसरा धागा सुईचा. व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स पापण्यांच्या आचक्यांसाठी बोट्युलिनम विष टोचत होत्या. १९८७ मध्ये एका रुग्णाने भुवयांच्या मध्येही टोचा असा आग्रह धरला, कारण तिथे टोचलं की कपाळावरचा त्रासलेला भाव जातो. जीन यांचे पती ॲलिस्टर त्वचातज्ज्ञ. दोघांनी १९९२ मध्ये निष्कर्ष छापले आणि २००२ मध्ये अमेरिकेत याच विषापासूनच्या बोटॉक्सला सुरकुत्यांसाठी मान्यता मिळाली. मग चरबी आली. चेहरा नुसता लोंबत नाही, आतून रिकामाही होतो, हे नव्वदीनंतर सर्जननी गांभीर्याने घेतलं. न्यूयॉर्कचे सिडनी कोलमन पोटाची चरबी बारीक नळीने काढून चेहऱ्यात थेंबाथेंबाने भरू लागले. नुसतं ओढल्याने येणारा तो वाऱ्यात उभा असल्यासारखा चेहरा त्यामुळे कमी झाला.

आज अनुभवी सर्जन सैल भाग सुरीने उचलतो, रिकामी जागा चरबीने भरतो, ओठांभोवतीचा पोत त्याच वेळी पील किंवा लेसरने सुधारतो, आणि गाल व कानाजवळची कातडी मात्र नंतरच्या महिन्यांसाठी राखून ठेवतो. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी पट्टी सोडल्यावर तो सर्वांत आधी कानामागच्या कडेवर बोट दाबतो. दाबलेली जागा फिकी पडते. बोट उचलल्यावर रंग परत यायला किती वेळ लागतो, हे तो मनातल्या मनात मोजतो, आणि पुढचा उपचार कधी करायचा ते त्यानंतर बोलतो.