स्वतःचा सूर उतरवणारे वटवाघूळ

वटवाघूळ आंधळे असते, हा समज शाळेत विज्ञान शिकलेल्यांमध्येही टिकून आहे. त्याला डोळे असतात आणि दिसतेही. मात्र इंग्लंडमधील चेडर घळईच्या गुहांत आश्रय घेणारी मोठी नालमुखी वटवाघळे अंधारात जे करतात, ते पाहण्याहून कमी नाही.

सॉमरसेट परगण्यातील मेंडिप टेकड्यांमधली ही संरक्षित घळई चुनखडकाची आहे. कार्बन डायऑक्साइड मिसळून किंचित आम्लधर्मी झालेले पावसाचे पाणी हा खडक विरघळवते आणि त्यातून गुहा तयार होतात. हिमयुगात जमीन गोठून पाण्याच्या भूमिगत वाटा बंद झाल्या, तेव्हा वितळलेल्या बर्फाचे पाणी पृष्ठभागावरून वाहिले व त्याने घळई खोदली. (आपला सह्याद्री बेसाल्टचा असल्याने तिथे अशा विरघळून झालेल्या गुहा नाहीत; अजिंठ्याची लेणी माणसाने कोरलेली आहेत.)

या वटवाघळाच्या नाकाभोवती घोड्याच्या नालासारखी कातडीची घडी असते. नाकपुड्यांतून ते सुमारे ८२ किलोहर्ट्झचा, म्हणजे आपल्या श्रवणमर्यादेच्या चौपट कंप्रतेचा, एकाच पट्टीतील लांब सूर सोडते. सेकंदाला ५ मीटर वेगाने समोरच्या कड्याकडे उडताना डॉप्लर परिणामामुळे (ध्वनीच्या दिशेने जाताना त्याचा सूर चढा ऐकू येतो, त्यामुळे) प्रतिध्वनीची कंप्रता सुमारे ३ टक्क्यांनी, म्हणजे जवळजवळ अडीच किलोहर्ट्झने वाढते. त्याच्या अंतःकर्णाचा मोठा भाग मात्र कंप्रतांच्या एका अरुंद पट्ट्यासाठीच राखून ठेवलेला असतो. म्हणून वटवाघूळ उडता उडता स्वतःचा सूर तेवढाच खाली उतरवते, जेणेकरून परतणारा प्रतिध्वनी नेमका त्या पट्ट्यात पडावा. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ हान्स-उलरिश श्निट्झलर यांनी १९६८ मध्ये हे दाखवून दिले. पार्श्वभूमीचा प्रतिध्वनी असा स्थिर झाला, की पतंगाच्या पंखांच्या फडफडीने त्यात उमटणारी बारीक थरथर वेगळी ओळखू येते. ज्या प्राण्याला पतंगाची फडफड कळते, तो आपल्या केसांत येऊन अडकेल, या भीतीला काय म्हणावे! घरात पाकोळी, म्हणजे लहान वटवाघूळ, शिरणे अशुभ मानणाऱ्यांनीही ती दिव्याभोवतीच्या किड्यांमागे आली असेल, एवढा विचार करावा.

हिवाळ्यात किडे दुर्मीळ होतात. गुहेच्या आतले तापमान फारसे बदलत नसल्यामुळे ही वटवाघळे पंख अंगाभोवती लपेटून छताला टांगून घेतात आणि शीतनिद्रेत जातात. प्रत्येक वेळी जागे होताना शरीर तापवण्यासाठी साठवलेली चरबी खर्ची पडते, आणि ती वसंतापर्यंत पुरवायची असते. इंग्लंडमध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार त्यांच्या आश्रयस्थानी त्यांना जाणूनबुजून त्रास देणे हा गुन्हा आहे.