कडुनिंब अंगावर की जमिनीवर? पिसवा-गोचिडांवरच्या 'नैसर्गिक' उपायांची पार्श्वभूमी

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला, तेव्हा पिसवा म्हणजे फक्त खाज, एवढीच समजूत होती. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी प्लेग उंदरांच्या पिसवांमार्फत पसरतो, हे दाखवले, पण कित्येक वर्षे ते कोणी फारसे मनावर घेतले नाही. पुढे मुंबईत प्लेग कमिशनने प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग ठेवून पाहिले. जमिनीवर मोकळे सोडलेले मेले. उंच टांगलेल्या किंवा भोवती चिकट कागद लावलेल्या पिंजऱ्यांतले बहुतेक वाचले. उंदरांची पिसू वेगळी आणि कुत्र्या-मांजरांची वेगळी. तरी पिसू जमिनीवरून येते, ही गोष्ट दोघींनाही लागू आहे. पाळीव प्राण्यांवरच्या उपायांचा पुढचा सगळा इतिहास वाचताना हे लक्षात ठेवावे, कारण बहुतेक उपाय प्राण्याच्या अंगावरच घुटमळत राहिले.

गोठ्यात तसे नव्हते. कडुनिंबाच्या पाल्याची धुरी, हाताने गोचीड वेचणे, ते खाणाऱ्या कोंबड्या आणि गायबगळे, भेगा लिंपून घेणे असे सगळे एकदम चाले. त्यातला पालाच तेवढा बाजारात बाटलीबंद होऊन आला.

'नैसर्गिक' आणि 'रासायनिक' यांच्यातली रेघ किती पुसट आहे, ते पायरेथ्रमवरून कळते. शेवंतीच्याच कुळातल्या, डाल्मेशियात (आजच्या क्रोएशियाच्या किनारपट्टीवर) पिकणाऱ्या एका पांढऱ्या फुलाची ही भुकटी. एकोणिसाव्या शतकात युरोपात ती पिसवांवर सर्रास विकली जाई. तिच्यातल्या घटकांची नक्कल करून प्रयोगशाळेत पायरेथ्रॉइड नावाची कीटकनाशके बनली. १९७३ मध्ये इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेती-संशोधन केंद्रातून त्यांपैकीच एक, परमेथ्रिन, आले. कुत्र्याला ते सहसा चालते. मांजराचे यकृत मात्र ते नीट निकामी करू शकत नाही, म्हणून कुत्र्याच्या मानेवर टाकायचे परमेथ्रिनचे थेंब मांजराला लावले तर झटके येतात, जीवही जातो. मूळ फुलात आहे, यामुळे यातले काहीच बदलत नाही.

त्याआधी डीडीटीने बाजी मारली होती. स्विस रसायनशास्त्रज्ञ पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये त्याचा कीटकनाशक गुण शोधला आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आपल्याकडे गॅमेक्झिन या तशाच कीटकनाशकाची पावडर घराघरांत आली आणि कुत्र्यांच्या अंगावरही चोळली गेली. कुत्रे अंग चाटते, ते विष पोटात जाते, चरबीत साठते. ही औषधे हळूहळू मागे पडली, पुढच्या काही औषधांना गोचीड दाद देईनासे झाले, आणि लोक पुन्हा झाडपाल्याकडे वळले.

कडुनिंबाची आधुनिक कीर्ती गोचिडांमुळे झालेली नाही, टोळांमुळे झाली. १९५९ मध्ये सुदानमध्ये टोळधाडीत सगळे फस्त झाले, कडुनिंब तेवढा उभा राहिला. हे जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिश श्मुटरर यांनी टिपले. १९६८ मध्ये कडुनिंबातले अझाडिरॅक्टिन हे किडींवर काम करणारे द्रव्य वेगळे काढण्यात आले. कडुनिंबाच्या तेलापासूनच्या बुरशीनाशकाचे युरोपीय पेटंट २००० मध्ये रद्द झाले, ते रद्दच राहील हे २००५ मध्ये कायम झाले, आणि कडुनिंब घराघरांत अभिमानाचा विषय झाला. अझाडिरॅक्टिन मुख्यतः पाने खाणाऱ्या किडीच्या पोटात जाऊन तिची भूक आणि कात टाकणे बिघडवते. पिसू आणि गोचीड कातडीखालचे रक्त पितात. वर लावलेले तेल त्यांच्या पोटात फारसे जातच नाही. वासाने त्यांना थोडे दूर ठेवता येते, तेही काही तास. उलट पिसवांच्या अळ्या जमिनीवरची वाळलेली रक्तमिश्रित विष्ठा खातात. म्हणून आमच्या मते कडुनिंबाची खरी जागा फरशीच्या फटीत आहे, कुत्र्याच्या पाठीवर नव्हे.

शेतकऱ्यांच्या ओळखीचा ५ टक्के निंबोळी अर्कच यासाठी घ्यावा: ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून फडक्यातून गाळावी आणि संध्याकाळी फटी, कोपरे, अंगणाच्या कडा इथे फवारावी. उन्हात अझाडिरॅक्टिन लवकर विघटते, अर्क साठवूनही टिकत नाही, म्हणून त्याच दिवशी संपवावा. कुत्र्याच्या अंगावर तेल लावायचेच असेल तर १ लिटर कोमट पाण्यात १० मिलिलिटरपेक्षा जास्त नको, आणि आधी त्या तेलात २-३ मिलिलिटर सौम्य शाम्पू घोळवावा. नाहीतर तेल वर तरंगते आणि शेवटच्या फवाऱ्यात निव्वळ तेलच अंगावर पडते. आधी थोड्या जागेवर लावून एक दिवस थांबावे. मांजराला लावू नये. लसूण खाऊ घालणे, कापूर, टी ट्री तेल, तंबाखूचे पाणी हे 'घरगुती' उपाय तर विषारीच. लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

अंथरूण उन्हात वाळवण्याचा जुना उपाय पिसवांवर लागू पडतो, कारण हवेतला दमटपणा ५० टक्क्यांहून कमी असेल तर त्यांच्या अळ्या सुकून मरतात. पंचाईत अशी की कोकणात पिसवा वाढतात त्या नेमक्या पावसाळ्यात, जेव्हा अंथरूण वाळतच नाही. तेव्हा आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुणे आणि व्हॅक्यूम क्लीनर फिरवणे हाच पर्याय. कोष मात्र यातूनही वाचतात आणि महिनोन्महिने थांबतात; घर बंद ठेवून परत आल्यावर चालण्याच्या कंपनाने एकदम पिसवा उसळतात, ते यामुळेच.

कुत्र्याचा तपकिरी गोचीड कोरड्या हवेलाही पुरून उरतो. तो आयुष्यात तीनदा अंगावर चढतो आणि तीनदा उतरतो. शेवटी रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी भिंतीच्या भेगेत हजारो अंडी घालते, तेव्हा भेगा पुट्टीने बुजवणे हे कुठल्याही तेलापेक्षा मोलाचे. अंगावर दिसला तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढावा. रॉकेल किंवा जळती काडी लावू नये. चिडलेला गोचीड लाळ आत सोडतो आणि तिच्यातूनच एर्लिकियासारखे (रक्तातल्या पेशींवर हल्ला करणाऱ्या जंतूंचे) रोग शिरतात. काढलेला बोटांनी चिरडू नये, स्पिरिटमध्ये टाकावा. कान, बोटांच्या बेचक्या, काखा आणि पट्ट्याखालची जागा रोज चाचपावी. ताप, फिकट हिरड्या किंवा नाकातून रक्त दिसले तर तेल बाजूला ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यांकडे रक्त तपासून घ्यावे.