धातू हॅलाइड रेणूंची आयनीभवन ऊर्जा : मापन आणि गणन

धातू हॅलाइडाच्या, म्हणजे धातू आणि क्लोरीन, फ्लुओरीन, आयोडीन यांसारखे हॅलोजन यांच्या संयुगाच्या, वायुरूप रेणूतून एक इलेक्ट्रॉन काढून घेण्यास लागणारी किमान ऊर्जा म्हणजे त्या रेणूची आयनीभवन ऊर्जा. ती इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये सांगतात. तिचे आकडे वाचताना आधी एकच प्रश्न विचारावा : इलेक्ट्रॉन गेला तो धातूचा की हॅलोजनचा?

सोडियम क्लोराइडात सोडियमने आपला एकमेव संयुजा (बंधात भाग घेणारा, सर्वांत बाहेरचा) इलेक्ट्रॉन आधीच क्लोरीनला दिलेला असतो. बाहेर पडतो तो क्लोराइडाचा इलेक्ट्रॉन, आणि त्याला सुमारे ९ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. एकट्या सोडियम अणूला ५.१४ पुरतात. क्लोराइडाचा हा इलेक्ट्रॉन गेला की दोन्ही अणूंना धरून ठेवणारे विद्युत आकर्षणच सुटते व उरलेला धनायन जेमतेम टिकतो. कॅल्शियम मोनोफ्लुओराइडात नेमके उलटे. कॅल्शियमचा एक इलेक्ट्रॉन फ्लुओरीनकडे जातो, दुसरा धातूवरच राहतो, आणि शेजारचा ऋणभार त्याला दूर लोटतो. म्हणून या रेणूचे मूल्य ५.८३, म्हणजे कॅल्शियम अणूच्या ६.११ पेक्षाही कमी. हा ०.२८ चा फरक म्हणजेच आयन होताना बंधाला आलेली जास्तीची बळकटी. बंधाविषयी इतके काही एका वजाबाकीत कळते, हे या राशीचे खरे मोल.

मोजमापातली मोठी अडचण वाफेची. बहुतेक हॅलाइडे घन असल्यामुळे ती भट्टीत तापवावी लागतात. वाफेत एकेरी रेणूंबरोबर जोडरेणूही येतात, आणि उष्णतेने कंप पावणाऱ्या रेणूंमुळे वर्णपटातील पट्टे रुंदावतात. वस्तुमान वर्णपटमापकात इलेक्ट्रॉनांचा मारा केला, तर सोडियम क्लोराइडापासून मुख्यतः सोडियम आयन मिळतो. रेणू फुटून आलेला असा तुकडा दिसू लागण्याची ऊर्जा ही रेणूची आयनीभवन ऊर्जा समजणे चूक आहे. प्रकाश-इलेक्ट्रॉन वर्णपटमापन अधिक सरळ : हेलियम दिव्याच्या २१.२२ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या प्रकाशकणाने इलेक्ट्रॉन उडवायचा आणि त्याची गतिज ऊर्जा वजा करायची. पट्ट्याचे शिखर उभे मूल्य देते, म्हणजे अणूंना हलायला वेळ न मिळता लागलेली ऊर्जा. खरी किमान ऊर्जा पट्ट्याच्या सुरुवातीला शोधावी लागते. बंधाची लांबी फार बदलत असेल तर ती सापडतेच असे नाही. १९८४ साली पुढे आलेल्या, जवळजवळ शून्य गतिज ऊर्जेचे इलेक्ट्रॉन टिपणाऱ्या लेसर पद्धतीने थंड रेणुझोतातील मोजमाप इलेक्ट्रॉन व्होल्टच्या दहा-हजाराव्या भागापर्यंत नेले.

गणनेचा जवळचा रस्ता कूपमन्स यांच्या १९३४ च्या प्रमेयाचा : सर्वांत वरच्या भरलेल्या कक्षकाची (रेणूतील इलेक्ट्रॉनाच्या अवस्थेची) ऊर्जा, चिन्ह बदलून. उरलेले इलेक्ट्रॉन नव्याने मांडणी करतात हे त्यात धरलेले नसते. भरवशाचे उत्तर हवे तर रेणू आणि आयन यांच्या ऊर्जा कपल्ड क्लस्टरसारख्या, इलेक्ट्रॉनांचे परस्परांवरील परिणाम बारकाईने धरणाऱ्या पद्धतीने स्वतंत्र काढून, शून्यबिंदू कंपनाची (सर्वांत खालच्या अवस्थेतही रेणूत उरणाऱ्या कंपनाची) दुरुस्ती करून वजाबाकी करतात. बेरियमसारख्या जड धातूत सापेक्षतेचे परिणाम टाळता येत नाहीत. आयोडाइडांत फिरकी-कक्षा युग्मनामुळे, म्हणजे इलेक्ट्रॉनाची फिरकी आणि त्याची कक्षीय गती यांच्या परस्परक्रियेमुळे, एकाच पट्ट्याचे दोन होतात. लोह, कोबाल्ट यांच्या हॅलाइडांत डी-कक्षकांतील इलेक्ट्रॉनांच्या अनेक अवस्था इतक्या जवळजवळ असतात, की आयनाची सर्वांत खालची अवस्था कोणती, हेच आधी ठरवावे लागते.