दात कुणाचा, हे मुळाला विचारा
जीवाश्म दात हातात आला की नजर आधी टोकाकडे जाते. किती लांब, किती अणकुचीदार, यावरून मालकाचं नाव ठरवायचा मोह होतो. डायनोसॉरच्या काळातल्या सागरी सरीसृपांच्या बाबतीत हा मोह हटकून फसवतो. निसरडा मासा किंवा माखली पकडायची तर बारीक, टोकदार दात हवा. मग तो माशासारख्या घाटाच्या इक्थिओसॉरचा असो वा चार वल्ह्यांसारखे पाय असलेल्या प्लेसिओसॉरचा. खाणं सारखं, म्हणून नात्याने दूरच्या प्राण्यांचेही दात सारखे झाले. दाताचा वरचा भाग, म्हणजे शिखर, आहाराबद्दल बोलतं. कुळ शोधायचं तर खाली मुळापर्यंत जावं लागतं.

शिखराने भल्याभल्यांना चकवलं आहे. लुई अगासी म्हणजे जीवाश्म माशांचा 19व्या शतकातला मोठा जाणकार. त्याने 1833 मध्ये फरशीसारख्या चपट्या दातांवरून प्लॅकोडस हा मासा असल्याचं ठरवलं. शिंपले भरडून खाणाऱ्या माशांचे दात असेच असतात, त्यामुळे ही चूक अगदी समजण्यासारखी आहे. प्लॅकोडस सरीसृप आहे हे इंग्रज शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेनने दाखवलं, तेव्हा 1858 साल उजाडलं होतं.

आता मोसासॉरचा दात भिंगाखाली घेऊ. हे प्राणी क्रिटेशस काळाच्या, म्हणजे डायनोसॉर युगाच्या शेवटच्या टप्प्याच्या, उत्तरार्धातले, सरडे आणि सापांच्या गोतावळ्यातले. दात जाडजूड, किंचित मागे वळलेला. त्यावरून हलकेच बोट फिरवलं की बहुतेक वेळा दोन उभ्या धारा लागतात, एक पुढे, एक मागे. खुद्द मोसासॉरस या प्रजातीत बाहेरची बाजू बरीचशी सपाट आणि आतली फुगीर असते, त्यामुळे आडवा छेद इंग्रजी डी अक्षरासारखा दिसतो. शिखरावर पैलूही पाडल्यासारखे असतात. पण मला सगळ्यात बोलका वाटतो तो खालचा भाग. शिखराहून रुंद, फुगलेला, हाडासारखा सच्छिद्र. त्याच्या आतल्या बाजूला बऱ्याचदा एक खळगा असतो. नवा दात तिथेच वाढत असे आणि जुन्याचं मूळ पोखरत वर येत असे. कधी त्या खळग्यात इवलंसं कोवळं शिखर तसंच अश्मीभूत झालेलं सापडतं! ग्लोबिडेन्स या मोसासॉरचं शिखर मात्र चक्क गोळ्यासारखं असतं, टणक कवचं फोडण्यासाठी.

प्लेसिओसॉरचा दात सडपातळ, बाकदार, छेदात गोल किंवा लंबगोल. धारा सहसा नसतात. उजेड तिरका पाडला की एनॅमलवर, म्हणजे दाताच्या टणक बाह्य थरावर, टोकाकडे जाणाऱ्या बारीक उभ्या रेघा उमटतात. त्याच्या भाऊबंदांपैकी प्लायोसॉरसचे दात मोठे आणि छेदात तिकोनी असतात.

इक्थिओसॉरचं शिखर साध्या शंकूसारखं, त्यावरून फारसं काही ठरत नाही. मूळ पाहिलं की शंका उरत नाही. मुळातलं डेंटिन, म्हणजे दाताचा मुख्य कठीण भाग, आत दुमडलेलं असतं, कापडाला चुण्या घालाव्यात तसं. बाहेरून त्या उभ्या पन्हळी वाटतात आणि मूळ आडवं कापलं तर नागमोडी कडेची नक्षी दिसते. अनेक इक्थिओसॉरांचे दात स्वतंत्र खोबणीत नव्हे, तर जबड्यातल्या एका लांब चरात ओळीने बसलेले असत.

अडचण अशी की सुटे सापडणारे पुष्कळसे दात जिवंतपणीच गळलेले असतात. त्यांचं मूळ नव्या दाताने आधीच खाऊन टाकलेलं असतं, तळाशी पोकळी तेवढी उरते. अशा वेळी छेद, धारा आणि रेघा यांवरच भिस्त ठेवावी लागते, आणि प्रजातीचं नाव घेण्याऐवजी नुसतं कुळ सांगून थांबणं प्रामाणिकपणाचं ठरतं.

मोरोक्कोतल्या खुरिबगा भागातल्या फॉस्फेट खाणींतून मोसासॉरचे दात अक्षरशः ढिगाने निघतात. तिथले खरे दात वाळू आणि गोंदाच्या लगद्यात बसवून जबडे 'तयार' केले जातात. संशोधकही यातून सुटलेले नाहीत. मोरोक्कोतल्याच एका जबड्यावरून 2021 मध्ये शार्कसारखे पात्याचे दात असलेल्या झेनोडेन्स या मोसासॉरची नोंद झाली. 2024 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्यावर शंका घेतली. मोसासॉरमध्ये प्रत्येक दाताची स्वतंत्र खोबण असते, इथे मात्र एकाच खोबणीवर दोन शिखरं दिसत होती. त्या जबड्याचा सीटी स्कॅन करावा, असं त्यांचं म्हणणं आहे. दात मूळचेच असतील, तर शिखरांखालची मुळं हाडात उतरलेली दिसतील.