गाणी थोडी, रात्र मोठी

१९६५ मध्ये लंडनच्या केन्सिंग्टन हाय स्ट्रीटजवळ काउंटडाउन नावाच्या क्लबात विद्यार्थ्यांचा एक बँड रात्रभर वाजवत असे. ९०-९० मिनिटांच्या तीन फेऱ्या, उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणाऱ्या. त्यांना येत होती ती बहुतेक अमेरिकी रिदम अँड ब्लूजची गाणी, आणि तीही एवढी रात्र भरून काढण्याइतकी नव्हती. तेच गाणं पुन्हा वाजवायचं नसेल तर आहे ते लांबवायला हवं. मग दोन कडव्यांच्या मध्ये गिटार वाहू लागली, एकाच कॉर्डवर ऑर्गन रेंगाळू लागला. या बँडचं नाव पुढे पिंक फ्लॉइड झालं आणि सायकेडेलिक रॉकमध्ये तो गाजला. लांबलचक सोलो घालून गाणी वाढवता येतात हे तिथेच कळलं, असं त्यांचे ड्रमर निक मेसन यांनी नंतर सांगितलं आहे.

सायकेडेलिक रॉकचा इतिहास सांगताना बहुतेक जण एलएसडी या भास घडवणाऱ्या अमली पदार्थापासून सुरुवात करतात. ते चूक नाही. ‘सायकेडेलिक’ हा शब्दच मानसोपचारतज्ज्ञ हम्फ्री ऑस्मंड यांनी १९५०च्या दशकात लेखक ऑल्डस हक्स्ली यांच्याशी चाललेल्या पत्रव्यवहारात घडवला. मन आणि प्रकट होणं, या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून तो झाला. कॅलिफोर्नियात ऑक्टोबर १९६६ पर्यंत एलएसडी बेकायदा नव्हतं आणि ग्रेटफुल डेड हा बँड ज्या मेळाव्यांत घडला, त्यांचं नावच एलएसडीच्या बोलीतल्या नावावरून ‘अ‍ॅसिड टेस्ट’ होतं. पण नशेतून बँडचा आवाज तयार होत नाही. तो तयार होतो लांब रात्रींतून, नीट न चालणाऱ्या यंत्रांतून आणि एकमेकांचं ऐकत वाजवण्यातून. या संगीताच्या वाटचालीत मला हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

यंत्रांचंच पाहा. १९६१ मध्ये आलेलं मार्टी रॉबिन्स यांचं एक गाणं अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत ध्वनिमुद्रित होत असताना मिक्सरचा एक भाग बिघडला आणि बेस गिटारचा सूर फाटून खरखरीत झाला. तो तसाच ठेवला गेला. पुढच्याच वर्षी असा आवाज मुद्दाम काढून देणारं ‘फझ’ पेडल बाजारात आलं. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या थर्टीन्थ फ्लोअर एलेव्हेटर्स या बँडने तर घरगुती वस्तूलाच माइक लावला. त्यांच्यातले टॉमी हॉल मातीच्या जगच्या, म्हणजे बुधल्याच्या, तोंडाशी माइक धरून घशातून थरथरता आवाज काढायचे आणि तो प्रत्येक गाण्याखाली बुडबुड्यांसारखा चालू राहायचा. १९६६ मधल्या त्यांच्या पहिल्या अल्बमच्या नावातच ‘सायकेडेलिक’ हा शब्द आहे.

याच काळात भारतीय संगीताचा धागा येऊन मिळाला. बर्ड्‌ससारख्या बँडचे गिटारवादक पंडित रविशंकर यांच्या रेकॉर्ड कानात साठवत होते. त्यांना खरा शोध लागला तो तंबोऱ्याचा. कॉर्ड बदलत न राहता एकच आधारस्वर धरून त्यावर कितीही वेळ फिरता येतं, हे रॉकला नवीन होतं. रागाची शिस्त, स्वरांचे नियम, वर्षांची तालीम यांतलं फार थोडं त्यांच्यापर्यंत पोचलं. जून १९६७ मध्ये रविशंकर कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरीच्या संगीत महोत्सवात वाजवून गेले. आपलं संगीत अमली पदार्थांशी जोडलं जातं याचं दुःख मात्र ते आयुष्यभर बोलून दाखवत राहिले. ते दुःख रास्त होतं.

पुन्हा लंडनकडे येऊ. निक मेसन, रॉजर वॉटर्स आणि रिचर्ड राइट यांची भेट रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये आर्किटेक्चर शिकताना झाली. केंब्रिजहून चित्रकला शिकायला आलेला सिड बॅरेट त्यांना मिळाला. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन ब्लूज गायकांची नावं जोडून बँडला नाव त्यानेच दिलं. ते ज्यांच्या घरात भाड्याने राहत, ते माइक लेनर्ड प्रकाशाची यंत्रं बनवायचे. आवाज आणि प्रकाश एकत्र चालवता येतात, हे या मुलांनी राहत्या घरातच पाहिलं.

बॅरेट तंत्रात फार तयार गिटारवादक नव्हता. तो सिगारेटचा लायटर तारांवरून घसरवायचा आणि तो आवाज बिन्सन इकोरेक या इटालियन यंत्रातून सोडायचा. त्या यंत्रात टेपच्या जागी फिरती चुंबकीय चकती असे. एक सूर छेडला की त्याचे पडसाद एकावर एक चढत जात आणि दोन-तीन सुरांतही मोठी पोकळी भरून जाई. त्याखाली राइट यांचा फारफिसा ऑर्गन. डिसेंबर १९६६ मध्ये टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या एका तळघरात यूएफओ क्लब सुरू झाला. काचांमधली रंगीत द्रव्यं प्रोजेक्टरच्या उष्णतेने पसरत, फुटत आणि वादकांच्या अंगावर उमटत. बँडचे चेहरे दिसतच नसत. म्हणून श्रोत्यांचं लक्ष गायकावरून हटून आवाजावर गेलं, असं मला वाटतं.

क्लबातला हा आवाज तबकडीवर आणणं वेगळंच काम होतं. सिंगल म्हणजे तीनेक मिनिटं. १९६७ मध्ये अ‍ॅबी रोड स्टुडिओत निर्माते नॉर्मन स्मिथ यांच्याबरोबर केलेल्या पहिल्या अल्बममध्ये म्हणूनच दोन्ही दिसतं. बॅरेटची छोटी, परीकथेसारखी गाणी आहेत आणि शेजारी साडेनऊ मिनिटांहून लांब चालणारा, शब्दांशिवायचा एक तुकडा.

वर्ष संपेपर्यंत बॅरेट ढासळला. मंचावर तो गप्प उभा राहू लागला. डेव्हिड गिल्मर यांना सोबत घेतलं गेलं आणि एप्रिल १९६८ मध्ये बॅरेट बँडबाहेर गेला. थर्टीन्थ फ्लोअर एलेव्हेटर्सचे गायक रोकी एरिक्सन यांना १९६९ मध्ये थोड्याशा गांजासाठी अटक झाली, वेडसरपणाचा बचाव घेतला गेला आणि त्यांना सरकारी मनोरुग्णालयात डांबलं. या संगीताच्या रंगीत आठवणी काढताना ही दोन माणसं विसरता कामा नयेत.

गाणी लिहिणारा बॅरेटच बँडमध्ये राहिला नाही, तेव्हा उरलेल्यांनी पुन्हा पहाटेपर्यंतच्या त्या रात्रींतला मार्ग धरला: आधी आवाज, मग गाणं. १९६८ मधल्या एका लांब रचनेसाठी वॉटर्स आणि मेसन यांनी स्वरलिपी लिहिली नाही. इमारतीचा आराखडा काढावा तसे कागदावर चढ-उतार रेखाटले. १९७१ च्या सुरुवातीला ते स्टुडिओत शिरले तेव्हा एकही गाणं तयार नव्हतं. प्रत्येकाने सुटे तुकडे वाजवले, बरेचसे बाकीच्यांना न ऐकता, आणि त्यांना नाव दिलं ‘नथिंग्ज’. त्यांतला एक होता राइट यांच्या पियानोचा एकच उंच सूर, फिरत्या लेस्ली स्पीकरमधून सोडलेला. पाण्यात थेंब पडावा तसा. त्या थेंबाभोवती २३ मिनिटांहून मोठी ‘एकोज’ ही रचना उभी राहिली. तिच्या मध्यावर पक्ष्यांच्या किंकाळीसारखा जो आवाज येतो, तो गिटारचा आवाज पायाने घुमवणाऱ्या वाह-वाह पेडलच्या वायरी उलट्या जोडल्यावर निघतो. पहिल्यांदा ती चूक होती. गिल्मर यांनी ती लक्षात ठेवली.

‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम त्यांनी जानेवारी १९७२ पासून मंचावर वाजवायला घेतला, तबकडी आली मार्च १९७३ मध्ये. मधल्या काळात श्रोत्यांसमोर तो बदलत गेला. एका जागी गिटार आणि कीबोर्डचा जॅम, म्हणजे सुचेल तसं एकत्र वाजवणं, होतं. मग स्टुडिओत एक नवीन सिंथेसायझर आला, ब्रीफकेसएवढा. त्यात आठ सुरांची एक ओळ हळू भरली आणि वेग वाढवत नेली. ती धावायला लागताच महिनोन्‌महिने वाजवलेला तो जॅम त्यांनी काढून टाकला.