आधी घासा, मग चिकटवा

कऱ्हाडजवळ महामार्गाच्या कडेला पंक्चर काढून घेत होतो. दुकानदाराने ट्यूब पाण्यात फिरवली, बुडबुडे आले तिथे खूण केली आणि कानस घेऊन तेवढा भाग खरवडत बसला. मी घाई केली तर म्हणाला, "घासल्याशिवाय सोल्यूशन धरत नाही साहेब. उद्या गाडी ढकलत परत याल."

काँक्रीटमध्ये जुन्या टायरचा चुरा घालू पाहणाऱ्यांचं दुखणं नेमकं हेच आहे. चुरा थोड्या वाळूच्या जागी घालतात. तो वजनावर नव्हे, घमेल्यानेच मोजायचा, कारण वाळूची सापेक्ष घनता (पाण्याच्या किती पट जड) २.६५ च्या आसपास, तर रबराची जेमतेम १.१५. काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटर जरा जास्त फिरला की चुरा वर तरंगायला लागतो.

एल्डिन आणि सेनूची या संशोधकांनी १९९३ साली सगळ्या वाळूऐवजी चुरा वापरून पाहिला. दाब सोसण्याची ताकद सुमारे ६५ टक्क्यांनी उतरली. चाचणीचे नमुने मात्र ताडकन फुटले नाहीत, चेपत गेले.

मऊ कण भार घेत नाही, हे एक कारण. दुसरं पृष्ठभागाचं. रबर पाणी झटकतं. शिवाय टायर बनवताना झिंक ऑक्साइड आणि स्टिअरिक आम्ल घालतात, त्यातून झिंक स्टिअरेट तयार होऊन साबणासारखं वर येतं. सिमेंट त्याला धरत नाही आणि कणाभोवती बारीक फट राहते.

"रबर कुजणार नाही का?" असं लोक विचारतात. रबराचे वैरी ऊन आणि ओझोन. काँक्रीटच्या पोटात ते फारसे पोचत नाहीत. टिकाऊपणाचा खरा प्रश्न त्या फटीचा. चुरा जास्त झाला की तिथून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड आत सरकतात, मग सळई गंजते. कणांना चिकटलेली हवा गोठणाऱ्या पाण्याला जागा देते, पण हा फायदा हिमालयातल्या रस्त्यांना. आपल्याकडे महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठतं तेवढंच.

त्या फटीवर उपाय म्हणून चुरा कॉस्टिक सोड्यात भिजवून स्वच्छ धुतात. ही प्रयोगशाळेतली कानस. तिचा गुण मात्र दर वेळी सारखा येत नाही.

खांब-तुळयांत मी हे घालू देणार नाही. पदपथाचे ब्लॉक, रस्त्याकडेचे कठडे, जिथे धक्के बसतात तिथे जरूर. गोठ्याच्या कोब्यात घालून म्हैस आरामात बसेल, ही आशा नको. त्याला मॅटच लागते.