लोखंड घासून मिळवलेली ताकद: कॅमशाफ्ट रीग्राइंडिंगची पार्श्वभूमी

इंजिनाचा मूळचाच कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह म्हणजे झडपा उघडणारा फिरता दांडा) काढायचा, ग्राइंडिंगला द्यायचा आणि तोच परत बसवून गाडी आधीपेक्षा जोरात पळवायची, ही पद्धत शर्यतीच्या जगात शंभर वर्षांच्या आसपास चालत आली आहे. नवा भाग लागत नाही, उलट धातू कमीच होतो. मग ताकद येते कुठून?

कॅमचा लोब, म्हणजे शाफ्टवरचा उंचवटा, अंड्यासारखा असतो. त्याची टोकदार बाजू व्हॉल्व्ह उघडते आणि गोल पाठ फिरत असते तेव्हा व्हॉल्व्ह बंद राहतो. व्हॉल्व्ह जास्त उघडावा म्हणून टोकाला धातू चढवायचा तर वेल्डिंग आलं. ते टाळायचं म्हणून ग्राइंडर, म्हणजे घासणारा कारागीर, पाठ आणि दोन्ही कुशी घासतो. समजा, शाफ्टच्या केंद्रापासून पाठ १५ मिमीवर आणि टोक २१ मिमीवर आहे. म्हणजे लिफ्ट, पाठीपेक्षा टोकाची जास्तीची उंची, ६ मिमी. पाठ अर्धा मिमी उतरवली की टोकाला हात न लावता लिफ्ट ६.५ मिमी होते. कुशींचा आकार बदलला की व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो तेही बदलतं, आणि माझ्या मते खरी करामत तीच. ६,००० आरपीएमला (मिनिटाला इतके फेरे) पिस्टन वरून खाली यायला फक्त ५ मिलिसेकंद लागतात. एवढ्या वेळात सिलिंडर नीट भरत नाही. व्हॉल्व्ह थोडा लवकर उघडून उशिरा बंद केला, तर वेगाने आत येणारं मिश्रण पिस्टन परत वर निघाल्यावरही घुसत राहतं. कमी आरपीएमला मात्र त्या मिश्रणात एवढा जोर नसतो आणि ते मागे ढकललं जातं. आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाचं संथ चालणं) बिघडतं, खालचा पिकअप जातो. हा व्यवहार पहिल्यापासून असाच आहे.

या कामाची सुरुवात सांगताना एड विनफील्ड यांचं नाव आधी घ्यावं लागतं. जन्म १९०१ चा, कर्मभूमी लॉस एंजेलिस परिसर. लहान वयातच ते शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या हॅरी मिलर यांच्या कारखान्यात कार्बुरेटरच्या कामावर लागले. पुढे त्यांनी कॅम ग्राइंड करायचं यंत्र स्वतः उभं केलं. फोर्डच्या मॉडेल टीचं २.९ लिटरचं इंजिन कारखान्यातून जेमतेम २० अश्वशक्तीचं निघायचं. अशा इंजिनांसाठी त्यांनी घासलेले कॅम शर्यतवाल्यांत नावाजले गेले. आपली विद्या ते सहजासहजी कुणाला दाखवत नसत.

या यंत्राची रीत समजून घेण्यासारखी आहे. हवा तो आकार आधी एका मोठ्या मास्टर कॅमवर काढायचा. मास्टर आणि घासायचा शाफ्ट एकाच अक्षावर सोबत फिरतात. मास्टर एका रोलरला टेकलेला असल्याने त्याच्या चढउतारानुसार सगळं टेबल चाकाकडे झुकतं, मागे येतं, आणि तोच आकार लोबवर उतरतो. मास्टरमध्ये राहिलेली चूक प्रत्येक शाफ्टवर उमटते. म्हणून ग्राइंडरची खरी पुंजी म्हणजे त्याचे मास्टर, आणि ते तो जिवापाड जपायचा.

१९३२ मध्ये फोर्डने ३.६ लिटरचं, ६५ अश्वशक्तीचं फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेलं) आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन बाजारात आणलं. काही वर्षांत ही इंजिनं भंगारात स्वस्त मिळू लागली आणि कॅलिफोर्नियातली तरुण पोरं ती घेऊन म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर वेग आजमावू लागली. अडचण एक होती. पाठ घासली की टॅपेटचा (कॅम आणि व्हॉल्व्हमधल्या दुव्याचा) गॅप वाढतो, आणि या इंजिनाचे मूळ टॅपेट स्क्रूने सेट करता येत नव्हते. त्यामुळे ॲडजस्ट होणारे टॅपेट वेगळे घालावे लागत. एका कॅमपायी अशा सुट्या भागांचा मोठा धंदा उभा राहिला.

त्याच पोरांपैकी एक एड इस्केंडेरियन, आर्मेनियन कुटुंबातला. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात काम करून परतल्यावर त्यांना स्वतःच्या रोडस्टरसाठी (उघड्या गाडीसाठी) कॅम हवा होता. ग्राइंडर मोजके, कामं तुंबलेली. शेवटी त्यांनी एक साधं सिलिंड्रिकल ग्राइंडिंग मशीन घेतलं आणि त्यात बदल करून कॅम घासायला लावलं. त्यातून उभी राहिलेली त्यांची कंपनी देशभर कॅम पुरवू लागली. विनफील्ड यांनी विद्या जपली, इस्केंडेरियन यांनी ती बाजारात आणली. प्रसाराचं श्रेय मी इस्केंडेरियन यांना जास्त देईन. पोलिओमुळे व्हीलचेअरवर असलेले चेट हर्बर्ट यांनी याच काळात रोलर टॅपेटचे (लोबवर चाकाने फिरणाऱ्या टॅपेटचे) कॅम पुढे आणले. १९५६ मध्ये शेव्हर्लेचे इंजिनिअर झोरा आर्कस-डंटोव्ह यांनी आपल्या कॅमच्या जोरावर डेटोनाच्या वाळूवर कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार ताशी १५० मैलांच्या पुढे नेली, आणि कारखानेही जोरदार कॅम देऊ लागले.

१९७० नंतर अमेरिकेत धुराचे कायदे कडक झाले. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त काळ उघडे ठेवणारा कॅम न जळलेलं पेट्रोल बाहेर सोडतो, त्यामुळे रस्त्यावरच्या गाड्यांत त्याची जागा आक्रसली. १९८९ मध्ये होंडाने व्हीटेक ही यंत्रणा आणून एकाच शाफ्टवर सौम्य आणि तीव्र असे दोन्ही लोब दिले. विनफील्ड यांच्या काळापासूनची निवड आता आरपीएम वाढला की इंजिन आपणच करू लागलं.

आपल्याकडे सोलापूर कॅमशाफ्टच्या उत्पादनासाठी जगभर ओळखलं जातं. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही १९९२ मध्ये सुरू झालेली कंपनी तिथून परदेशी कारखान्यांना माल पाठवते. जुनी मारुती ८०० आणि जिप्सी रीग्राइंडिंगला सोयीच्या, कारण त्यांच्या रॉकरवर (कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या हातावर) टॅपेट सेट करायचे स्क्रू असतात आणि घासलेली पाठ तिथे भरून काढता येते. तरी शाफ्ट देण्याआधी धातू कोणता ते विचारावं. चिल्ड कास्ट आयर्नच्या (ओततानाच पृष्ठभाग झटकन थंड केलेल्या लोखंडाच्या) लोबचा फक्त वरचा थर कडक असतो. घासता घासता तो संपला तर आतलं मऊ लोखंड उघडं पडतं आणि लोब लवकर झिजतो. स्टीलचा शाफ्ट असेल तर घासल्यावर पुन्हा हार्डनिंग (पृष्ठभाग कडक करणं) करून घ्यावं लागू शकतं. लिफ्ट वाढवली असेल तर स्प्रिंग पूर्ण दबून बसत नाही ना आणि व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाही ना, हे स्टार्टर मारण्याआधी क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून तपासावं.